मिश्रीच्या डबीवरचा मत्स्यराजा

लाल बसमध्ये कंडक्टर म्हणून लागून मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लोकांनी गाडीत मला काय काय दाखवलंय! एक्स-रे दाखवले, लग्नाच्या पत्रिका दाखवल्या, होणाऱ्या सुनांचे फोटो दाखवले. एकानं तर चावलेला विंचू बाटलीत घालून आणला होता. डॉक्टरला कोणता चावला ते कळायला पाहिजे, म्हणून. पण ज्या वस्तूनं मला नाद लावला, ती एका म्हातारीनं सहज बाहेर काढली, आणि मला दाखवावी असं तिच्या मनातही नव्हतं.

सकाळची वडवणीची फेरी होती. वडवणीच्या अलीकडच्या एका फाट्यावर ही म्हातारी चढायची आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची. वय पंचाहत्तरच्या पुढचं, त्यामुळे तिकिटाचा प्रश्न नव्हता. पण रोज चढताना "फुकट हाय म्हणून उभी ठिऊ नको मला," असं बजावायची. त्या दिवशी तिनं कनवटीची मिश्रीची डबी काढली. डबीचं झाकण कधीच हरवलं असावं. त्याच्या जागी एक गोल चकती बसवली होती आणि वरून रबर लावलं होतं. चकती काळपट झाली होती, पण कडेला लाल रंग दिसत होता, आणि मधोमध कमरेपासून खाली मासा असलेला एक देव बसला होता. चार हात, डोक्यावर मुकुट.

"आजी, हे काय हाय?"

"झाकण."

"ते कळलं. पण चित्र कशाचं?"

"पत्ता हाय. खेळायचा. जुना." तिनं रबर काढून चकती सोडवली. मग म्हणाली, "पाहिजे का? घे. दाताच्या डाक्टरनं मिश्री बंद करायला लावलीय. आता डबीचं तरी काय करू?"

मी तो पत्ता तिकिटाच्या मशीनच्या पाऊचमध्ये ठेवला. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं हळूच पुसला. तंबाखूखालून रंग वर आले, लाल पाठ आणि पिवळी किनार दिसली. साधा कागद नव्हताच तो. कापडाचे थर एकावर एक चिकटवून, त्यावर चित्र काढून, वरून लाख चढवलेली. मोबाईलवर शोधलं तर नाव सापडलं: गंजिफा. दशावताराचा डाव. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते. सगळे मिळून एकशेवीस. माझ्याकडे त्यातला एक, मत्स्याचा राजा. तो तीन महिने बडीशेपेच्या डब्यात ठेवला तरी त्याचा तंबाखूचा वास गेला नाही.

एक वस्तू हातात आली की दुसरी हवीशी वाटते. मी गाडीत ओळखीच्या लोकांना विचारू लागले, "घरात जुने पत्ते पडलेत का?" बीड जिल्ह्यात बातमी पोचवायची असेल तर पेपरात द्यायची गरज नाही, कंडक्टरला सांगायचं. इथं तर कंडक्टरच सांगत होती. महिन्याभरात लोक पत्ते आणायला लागले. कुणी विडीच्या पाकिटावरचे आणले, कुणी लग्नात आहेर म्हणून आलेले. एका गुरुजींनी नुसते चार जोकर आणले आणि म्हणाले, "बाकीचे मुलांनी खेळून फाडले, ह्यांना कुणी हात लावत नव्हतं." ऊसतोडीला गेलेली एक बाई कर्नाटकातून परत आली, ती माझ्यासाठी कारखान्याच्या बाजारातून अख्खा कॅट घेऊन. त्यावर कन्नडमध्ये काहीतरी छापलं होतं. "जुना न्हाई," ती म्हणाली, "पण वाचता येत न्हाई म्हणजे जुनाच म्हणा." मी तोही ठेवला.

डेपोत मात्र चर्चा वेगळी झाली. बाईला पत्त्यांचा नाद लागलाय. एक मेकॅनिक तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, किती गेले? माझा भाऊबी असाच बुडाला." घरी नवऱ्यानंही विचारलं.

"तू खेळत नाहीस ना?"

"नाही."

"मग गोळा कशाला करतेस?"

"बघायला."

"बघायला टीव्ही आहे की."

मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पत्ते लावून ठेवत राहिले.

आमचा ड्रायव्हर म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. नऊ वर्षं आम्ही एका गाडीवर होतो. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे, आणि यापलीकडे दिवसभरात पंधरा-वीस वाक्यं झाली तर फार. एकदा पालीचा तलाव मागे पडल्यावर त्यांनी आरशात बघून एकदम विचारलं, "त्यो मासावाला दाखवा बरं."

मी बोनेटजवळ जाऊन दाखवला.

"असे गोल पत्ते मी बघितलेत. आपली गाडी जिथं फिरती ना, त्या गावात. आबाकडं. डबा भरून हायेत."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तुमी इचारलं कुठं?"

आमची दुपारची गाडी पाटोद्याच्या पुढे डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावापर्यंत जायची आणि तिथं तासभर थांबून परत फिरायची. आबा म्हणजे त्या गावचे जुने सरपंच. ऐंशीला आलेले, जमीन बरीच, धोतर पांढरंशुभ्र. सरपंचपद जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण गावात नळाची तोटी बसवायची तरी लोक आधी त्यांच्याकडे जात. त्याच दिवशी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. भाऊ डबा उघडून भाकरी खात बसले.

आबांनी लाकडी पेटी आणली. सरकत्या झाकणाची, झाकणावर मोर. त्यांच्या आज्यानं निजामाच्या काळात कुठूनसा आणलेला डाव. आत लाल कापडात बांधलेल्या दहा गड्ड्या. त्यांनी एकेक गड्डी सोडली. कासवं, शंख, परशू, बाण. हुबेहूब तीच लाल पाठ, तीच पिवळी किनार.

"पुरा डाव हाय का आबा?"

आबांनी माशांची गड्डी बोटानं चाळली. मग म्हणाले, "एक कमी हाय. माशाचा राजा. उंदरानं नेला."

माझ्या पाऊचमध्ये उंदरानं नेलेला राजा होता. मी काही बोलले नाही. का बोलले नाही, हे आज सांगायला हरकत नाही: त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली. ह्यांना एक पत्ता कमी आहे म्हणून डाव निरुपयोगी वाटतोय. एक दिवस ते कंटाळून पेटी मला देतील. आणि मग माझ्याकडे एकशेवीस होतील.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"साठच्या वर. मपल्या बहिणीच्या लग्नाच्या टायमाला. वडवणीकडं दिलीय तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी फाट्यावर चढली तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले. "आजी, तुमचं माहेर पाटोद्याकडं का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी तिची झडतीच घेतली.

"तुला कोणी सांगितलं?"

"उंदरानं."

ती आधी गोंधळली. राजा उंदरानं नेला असं आबा म्हणतात, हे सांगितल्यावर खुदकन हसली. दात थोडेच होते, पण हसणं पोरीसारखं. तिनं सगळं सांगितलं. आजा, आबा आणि ती, असे तिघं खेळायचे. गंजिफेला तीनच गडी लागतात. आबा दोन वर्षांनी मोठे. पण पत्ते लक्षात ठेवायचं डोकं हिचं. कोणता पत्ता पडला, कोणता राहिला, हे हिला शेवटपर्यंत आठवायचं, आणि ती आबांना रोज हरवायची. लग्न ठरलं तेव्हा आबा आज्यासमोर म्हणाले, बरं झालं, आता घरात नीट डाव होतील, पोरींचं काय काम पत्त्यात?

"मंग?"

"मंग काय. हळद लागलेल्या हातानं पेटी उघडली, माशाचा राजा काढला आन् चोळीत घातला. म्हणलं, खेळ आता नीट."

"आणि साठ वर्षं डबीला लावला?"

"रोज सकाळी उठलं की राजाचं तोंड बघायचं आन् दात घासायचे. लई बरं वाटायचं."

बहीण-भावाचं बोलणं चालू होतं. भाऊबीज चुकली नव्हती, दोघांच्याही घरची लग्नं-कार्यं झाली होती. फक्त पत्त्यांचा विषय साठ वर्षांत निघाला नव्हता. "त्याला सांगू नको," ती म्हणाली. मी शब्द दिला. खरं म्हणजे मला तो शब्द फार सोयीचा होता. आता माझ्या गप्प बसण्याला कारण मिळालं.

पुढचे तीन आठवडे मी दुपारचा तास आबांच्या ओसरीवर घालवला. त्यांनी मला खेळ शिकवला, आणि भाऊंनाही. भाऊ आधी नुसते बघायचे. मग एक दिवस भाकरीचा डबा न उघडताच ओसरीवर येऊन मांडी घालून बसले. दिवसा खेळायचं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं सुरुवात करायची, रात्री खेळायचं तर कृष्णाचा राजा. अर्ध्या रंगांत दहा मोठा, अर्ध्या रंगांत एक्का मोठा. हे माझ्या डोक्यात कधीच नीट बसलं नाही. भाऊंच्या एका दिवसात बसलं. "घाटातल्या वळणासारखं हाय," ते म्हणाले, "एकदा ध्यानात आलं की झालं."

पण डाव रंगत नव्हता. मासे बाजूला ठेवून नऊ रंगांतच खेळावं लागायचं. एकदा मी हळूच खडा टाकला. "आबा, अपुऱ्या डावाचा उपयोग तरी काय? मला देऊन टाका. मी नीट जपून ठेवीन."

आबांनी पेटीच्या तळातून एक पुठ्ठ्याची चकती काढून माझ्या हातात दिली. वाटीभोवती पेन्सिल फिरवून कापलेली, कडेला दातानं कुरतडल्यासारखी. त्यावर निळ्या शाईनं काहीतरी काढलं होतं.

"हे वांगं हाय का?" भाऊंनी विचारलं.

"मासा हाय बे तो!" आबा म्हणाले. "मी काढलाय. बहीण गेल्यावर. म्हणलं, दिवाळीला ती आली तर डाव पुरा पाहिजे. पण पाठ येगळी दिसती ना, कोणाच्या हातात राजा हाय ते लांबूनच कळतं. आज्यानं खेळू दिलं न्हाई. मग तिला दाखवलाच न्हाई."

मी ती चकती हातात धरून बसले. वांग्याला दोन डोळे होते आणि डोक्यावर मुकुट म्हणून तीन रेघा. त्याच्याकडे बघताना मला पाऊचमधला खरा राजा मांडीला टोचायला लागला. त्या दिवशी मी आबांना पुन्हा काही मागितलं नाही. परतीच्या वाटेवर भाऊ आरशातून म्हणाले, "द्या की आता त्यांचा राजा." मला वाटत होतं, म्हातारीनं काय सांगितलं ते त्यांना ठाऊक नाही. पण मी म्हातारीच्या शेजारी बसून बोलत होते तेव्हा तिची सीट त्यांच्या पाठीलाच होती, हे मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला वांग्याची गोष्ट सांगितली. तीन रेघांचा मुकुट, वेगळी पाठ, दिवाळीला पुरा डाव, सगळं. वडवणी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, रडते की काय. उतरताना तिनं विचारलं, "वांगं म्हणाला का तुझा डायवर?"

"हो."

"माझ्या भावाला चित्रकला कधीच जमली न्हाई." आणि मग, "तुझी गाडी तिकडं कधी जाती?"

बुधवारी ती आली. नवं इरकल नेसून, पदराला गाठ मारून. बीडला गाडी बदलली, पाली गेलं, घाट आला. मी राजा तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाला लावला, वास घेतला आणि मुठीत धरून ठेवला.

ओसरीवर आबा पेटी मांडून आमची वाट बघत होते. बहिणीला बघून ते उठले. "अगं, तू? कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

"मी माझ्या गाडीनं आले," ती म्हणाली आणि मांडी घालून बसली. मूठ उघडून तिनं राजा कापडावर ठेवला. "उंदीर घेऊन आलाय."

आबांनी राजा उचलला. उलटा केला, सुलटा केला. पुढं काय होईल याचा आम्हाला अंदाज नव्हता. भाऊ तर उठून एक पाऊल मागं सरकले होते. आबांनी राजा नाकाशी नेला.

"मिश्री?" ते म्हणाले.

"साठ वर्षं."

"देवाच्या तोंडावर मिश्री?"

"तुझ्या तोंडावर लावता येत नव्हती म्हणून."

आबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मी घाबरले. मग कळलं, ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, भाऊंनी पाणी दिलं, आणि पाणी पिऊन होताच ते म्हणाले, "वाट पत्ते. बगू तुझं डोकं अजून चालतं का."

तिसरा गडी म्हणून भाऊ बसले. मला गाडीकडे लक्ष ठेवायचं होतं. चाळीस-चाळीस पत्ते वाटले. रामाचा राजा म्हातारीकडे निघाला. तिनं सुरुवात केली, आणि मला कळलं की मी आजवर ज्याला खेळ समजत होते तो खेळ नव्हता. दोघं पत्ता टाकायचे तो आपटून. तो म्हणायचा, "हे बग." ती म्हणायची, "बघितलं." मधेच दोघं लहानपणीच्या कुठल्यातरी डावावरून भांडायचे, आणि भांडता भांडता पत्ते पडत राहायचे.

गाडी सुटायची वेळ झाली. मी घड्याळ दाखवलं. कुणी वर बघितलं नाही. गाडीत बसलेले लोक आधी खिडकीतून ओरडले, मग एकेक करून खाली उतरले आणि ओसरीभोवती उभे राहिले. बाजाराहून परतणारा एक शेतकरी म्हणाला, "गाडी कावून थांबलीय?" दुसरा म्हणाला, "मासा निघायचाय अजून." त्याच्यानंतर गाडी सोडा असं कुणी म्हटलं नाही.

शेवटी हात मोजायची वेळ आली. आबांनी आपले मोजले, तिनं आपले मोजले. दोघांचे जवळजवळ सारखे. दोघं एकमेकांकडे संशयानं बघत होते, तेवढ्यात भाऊंनी आपल्या गुडघ्याखालून पत्त्यांची एक रास काढली. मग दुसऱ्या गुडघ्याखालून आणखी एक. बहीण-भाऊ एकमेकांचे पत्ते पाडण्यात इतके गुंतले होते की सगळे प्रधान भाऊंच्या पदरात पडले होते. भाऊ सरळ सरळ जिंकले होते.

म्हातारीनं दोन्ही राशी उलटून बघितल्या.

"ह्यानं चोरी केली," म्हातारी म्हणाली.

"मला आदीच वाटलं," आबा म्हणाले. "डायवर हाय तो. आरशात बगतो."

"कुठला आरसा? ओसरीवर?" भाऊ ओरडले. नऊ वर्षांत मी त्यांचा आवाज इतका चढलेला ऐकला नव्हता. पण बहीण-भावांनी एकी केली होती. तो कसा बसला होता, त्याचा गुडघा कुठं होता, त्यानं कोणत्या हातानं पत्ता टाकला, हे दोघं एकमेकांना साक्षी ठेवून सांगत होते. साठ वर्षांनी पहिल्यांदा त्यांचं पत्त्यांवरून एकमत झालं होतं.

गाडी पंचवीस मिनिटं उशिरा निघाली. मला डेपोत लेखी खुलासा द्यावा लागला. मी बराच विचार करून लिहिलं, "ज्येष्ठ नागरिक प्रवाशाच्या कौटुंबिक कारणास्तव विलंब." साहेबांनी वाचलं आणि सही करताना विचारलं, "कोण वारलं का?" मी म्हटलं, "नाही साहेब, उलट."

पेटी मला मिळाली नाही, हे सांगायलाच नको. मी ते वांगं तरी मागितलं. आबा म्हणाले, "न्हाई. उद्या अजून एखादा राजा गेला तर?" मग मी मागायचं सोडून दिलं. माझ्या बिस्किटाच्या डब्यात आज दोनशेच्या वर पत्ते आहेत, कन्नड कॅटसकट, पण दशावताराचा एकही नाही. पहिले काही दिवस मला त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाईट वाटलं. आबांच्या ओसरीवर बसून एखादा हात जिंकला की ते कमी होतं.

मग माझी ड्यूटी गेवराईकडे गेली, आणि भाऊ निवृत्त झाले. आता मी सुट्टीच्या दिवशी प्रवासी म्हणून जाते, दुसऱ्या कंडक्टरकडून बायकांचं अर्धं तिकीट घेऊन. भाऊ मोटारसायकलवर येतात. म्हातारी आठवड्यातून दोन-दोन दिवस माहेरीच राहते; सुना म्हणतात, लग्न झाल्यापासून राहिली नसेल एवढी आता राहते. चौघं असलो की एकाला बाहेर बसावं लागतं, आणि बहुधा ती मीच असते, कारण एक्का कुठं मोठा आणि दहा कुठं मोठा ते मला अजून विचारावं लागतं.

गेल्या महिन्यात म्हातारीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी ती काळा चष्मा काढून खेळायला बसली. पत्ते हातात घेतले, जवळ धरले, लांब धरले. मग एकेक पत्ता उलटून बघायला लागली.

"हा शंख निळा हाय?"

"निळाच हाय," आबा म्हणाले.

"आन् हे कासव हिरवं?"

"पहिल्यापासून."

तिनं पत्ते खाली ठेवले आणि आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं. "म्हंजे गेलं वर्षभर मी आंधळ्यासारखी खेळत होते, आन् तुमी कुणी बोलला न्हाईत?"

"आंधळ्यासारखी खेळून तू आमाला हरवलं की," आबा म्हणाले.

"मंग आता काय करीन, त्ये बगा," ती म्हणाली आणि पत्ते पिसायला घेतले.